अन्नाला धूर देण्यासाठी लाकूड : दिल्ली परिसरात काय घ्यावे, कुठून घ्यावे

वस्तुमान स्थानांतर शिकताना वाळवणीसाठी आपण धान्य, विटा, कागद अशी उदाहरणे घेतो. या टिपणात स्वयंपाकघरातले एक उदाहरण पाहू. मांस, मासे, पनीर किंवा वांगे लाकडाच्या धुरात ठेवायचे असेल, तर लाकूड कोणते आणि किती पैशांत घ्यावे? दिल्ली, नोएडा, गुरुग्राम भागात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना हा प्रश्न खरोखर पडतो. नागालँडकडच्या विद्यार्थ्यांना जास्तच, कारण चुलीवर टांगून धुरवलेले डुकराचे मांस हे त्यांच्या घरचे अन्न. हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाची परदेशी पाकिटे ऑनलाइन मिळतात, पण ती महाग पडतात आणि त्यांची गरजही नाही.

आधी धूर म्हणजे काय ते समजून घ्या. लाकडात तीन मुख्य घटक असतात. हेमिसेल्युलोज सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसला विघटित होते, सेल्युलोज त्यापुढे, आणि लिग्निन साधारण ३०० पासून ५०० अंशांपर्यंत हळूहळू. पहिल्या दोहोंपासून पदार्थाला रंग देणारी कार्बोनिल संयुगे आणि आम्ले येतात. ज्याला आपण 'धुराचा वास' म्हणतो तो लिग्निनमधून येणाऱ्या ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल या फिनॉलांचा. तापमान फार चढले किंवा चरबी निखाऱ्यावर ठिबकली, की बेंझो-ए-पायरीनसारखी बहुचक्रीय संयुगे वाढतात. हे संयुग कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने धुरवलेल्या मांसात त्याची मर्यादा किलोला २ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणून ज्वाळा नको, धुमसणे हवे, आणि चरबी गोळा करायला खाली ताटली हवी.

आता पैशांकडे येऊ. वखारीत (दिल्लीत तिला 'टाल' म्हणतात) लाकूड वजनावर मिळते, आणि त्या वजनात पाणीही आले. नुकतेच तोडलेले लाकूड वजनाने निम्मे पाणी असू शकते. उन्हावाऱ्यात नीट सुकलेले १५ ते २० टक्क्यांवर येते. समजा, ४५ टक्के ओलाव्याचे लाकूड १० रुपये किलो आहे आणि १५ टक्क्यांचे १४ रुपये. पहिल्यात कोरडे लाकूड मिळाले ५५० ग्रॅम, म्हणजे कोरड्या किलोला १८ रुपये. दुसऱ्यात ८५० ग्रॅम, म्हणजे साडेसोळा रुपये. 'महाग' तेच स्वस्त ठरले.

ऊर्जेचा हिशोबही करा. २५ अंशांचे एक किलो पाणी १०० अंशांपर्यंत तापवून त्याची वाफ करायला सुमारे २५७० किलोज्यूल लागतात. ओल्या किलोत ०.४५ किलो पाणी आहे, म्हणजे जवळपास ११६० किलोज्यूल. कोरड्या लाकडाचे उष्मांक मूल्य १८ मेगाज्यूल धरले तर त्या ५५० ग्रॅममध्ये ९.९ मेगाज्यूल आहेत. म्हणजे १२ टक्के ऊर्जा नुसत्या वाफेत गेली. आकडा लहान वाटेल, पण खरे नुकसान चवीचे आहे: पाणी उडेपर्यंत लाकूड १०० अंशांच्या आसपास अडकते आणि जळण नीट न झाल्याने पांढरा, दाट, कडवट धूर येतो. लाकूड मुद्दाम भिजवून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने फक्त उशीर होतो, एवढेच माझे मत.

ओलावा मोजायचा असेल तर कॉलेजच्या हॉट एअर ओव्हनमध्ये एक तुकडा १०३ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. ओव्हन नसेल तर स्वयंपाकाच्या काट्यावर रोज वजन घ्या; ते घटायचे थांबले की हवेच्या मानाने लाकूड सुकले.

दिल्लीत सर्वांत सोपी निवड म्हणजे आंबा. उत्तर भारतात हवनासाठी आंब्याच्याच समिधा वापरण्याची रीत असल्याने पूजा-साहित्याच्या दुकानात बारीक चिरलेल्या, सुकलेल्या काड्यांच्या मोळ्या मिळतात. तूप, कापूर किंवा अत्तर लावलेल्या मात्र घेऊ नका. बागपतपासून मेरठपर्यंतच्या पट्ट्यात आमराया आहेत (रटौल आंब्याचे रटौल गाव बागपत जिल्ह्यातलेच), त्यामुळे तिकडच्या वखारीतही आंबा मागून पाहा. आंब्याचा चीक ज्यांच्या अंगावर उठतो, त्यांनी ओले लाकूड हाताळू नये.

दुसरे लाकूड विलायती कीकर, आपली वेडी बाभूळ. अमेरिकेत टेक्सासचे लोक ज्या मेस्कीटवर मांस धुरवतात, त्याचीच ही जवळची भाऊबंद. दिल्लीच्या रिजवर आणि हरियाणाच्या अरवलीत ती तणासारखी माजली आहे. लाकूड जड, धूर उग्र, मूठभर पुरते. पण रिज हे राखीव वन आहे, तिथून फांदी उचलू नका. दिल्लीत झाड तोडायलाही १९९४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने परवानगी लागते. शेताच्या बांधावरची छाटलेली कीकर टालवर येते, तीच घ्या. चीड आणि देवदार राळेमुळे काजळी धरतात. कण्हेर विषारी आहे, तिची काडीसुद्धा नको.

फुकटच्या लाकडाचा मोह मोठा असतो. कीर्तिनगरच्या फर्निचर बाजारात तुकडे आणि भुसा भरपूर पडतो, पण त्यात प्लायवूड, एमडीएफ, पॉलिश आणि फॉर्मल्डिहाइडयुक्त गोंद मिसळलेला असतो. मालाच्या लाकडी पॅलेटवर 'एचटी' शिक्का असला तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले, 'एमबी' असला तर मिथाइल ब्रोमाइड वायूने. मात्र 'एचटी' पॅलेटवरही पुढे काय सांडले ते कळत नाही, म्हणून दोन्ही अन्नासाठी सोडूनच द्या. ज्या लाकडाचा इतिहास माहीत नाही, ते शून्य रुपयांतही महागच.

आणि हवेचे काय? हवा-निर्देशांक २०० च्या वर गेला की दिल्ली परिसरात ग्रॅपचा पहिला टप्पा लागतो, आणि ग्रॅपमध्ये हॉटेल-ढाब्यांच्या तंदूरमधल्या कोळसा-लाकडावर बंदी येते. तुमची बादलीएवढी भट्टी त्यात येते का, असा वाद घालण्यापेक्षा त्या आठवड्यांत ती पेटवू नका. पेटवाल तेव्हा गच्चीवर, मालकाला विचारून. दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या दिल्लीत येतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंदीच्या काळात धुंगार भागवतो: पदार्थाच्या भांड्यात वाटी, वाटीत गॅसवर लाल केलेला लोणारी कोळशाचा एक तुकडा, त्यावर चमचाभर तूप, आणि पाच मिनिटे झाकण. खिडकी तेव्हाही उघडी.

सरावासाठी : टालवर ३० टक्के ओलाव्याची कीकर १२ रुपये किलो आहे आणि पूजेच्या दुकानात १२ टक्के ओलाव्याच्या समिधांची अर्ध्या किलोची मोळी ४० रुपयांना. एका वेळी १५० ग्रॅम कोरडे लाकूड लागते. दोन्हींचा दर वेळचा खर्च काढा. मग कीकर महिनाभर गच्चीवर वाळवून १५ टक्क्यांवर आणली, तर आज आणलेल्या एका किलोचे वजन किती उरेल, तेही काढा.