आतल्या बाजूने दुखणारा गुडघा

‘गुडघा आतल्या बाजूने दुखतो’ असे सांगणाऱ्या दोघांचे दुखणे एकच असेल असे नाही, म्हणून व्यायामाआधी दुखरी जागा नेमकी शोधावी. खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवावा आणि वाटीच्या खालच्या कडेपासून बोट आतल्या अंगाला सरकवावे. दोन हाडांमधली बारीक खाच बोटाला लागते. दुखणे त्या खाचेतच असेल, तर कूर्चा झिजलेली किंवा सांध्यातली गादी फाटलेली असू शकते. खाचेच्या तीन-चार बोटे खाली, नडगीच्या आतल्या अंगाला दाबल्यावर कळ येत असेल, तर मांडीतून उतरणाऱ्या तीन कंडरा तिथे चिकटतात, त्यांच्याजवळ सूज असण्याचा संभव अधिक. कबड्डीत बाहेरून धक्का बसून दुखणे सुरू झाले असेल, तर आतला अस्थिबंध ताणलेला असू शकतो.

चालताना गुडघ्यावर येणाऱ्या भारातला साधारण ६० ते ७० टक्के भार आतली बाजू पेलते. पाय धनुष्यासारखे बाकदार असतील तर त्याहून जास्त. वयोमानाची झीज बहुधा इथूनच सुरू होते, ती त्यामुळे.

दुसरी तपासणी जिन्याच्या खालच्या पायरीवर, आरशासमोर. कठड्याला हात टेकवून दुखऱ्या पायावर उभे राहावे आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला लावावी. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. तो आत झुकला आणि दुसऱ्या बाजूची कंबर खाली गेली, तर खुब्याच्या बाहेरचे स्नायू कमी पडत आहेत. नुसते गुडघ्याला तेल चोळत राहिल्याने हा दोष जात नाही.

खुब्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलावा. टाच थोडी मागेच राहू द्यावी, नाहीतर काम मांडीचा पुढचा स्नायू करून टाकतो. त्या पुढच्या स्नायूसाठी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबावी. हे जमले की हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे सुरू करावे. जड गेले तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी. प्रत्येक व्यायाम दहा-दहा वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस पुरे. दुखणे ओसरेपर्यंत उकिडवे बसणे टाळावे.

व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दहापैकी तीन-चारपर्यंतची कळ चालते, मात्र ती दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली पाहिजे. नाही ओसरली, तर फेऱ्या कमी कराव्यात. गुडघा अडकत असेल, मारानंतर लगेच फुगला असेल, पायावर भार देता येत नसेल किंवा तापासोबत गुडघा लाल होत असेल, तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर.

झिजलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही. तरी स्नायू सबळ झाले की दुखणे बऱ्याच जणांचे कमी होते, आणि त्याला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. दर दोन आठवड्यांनी त्याच पायरीवर, त्याच आरशासमोर टाच टेकवून पाहावी; गुडघा आत झुकणे कमी झाले, की पायरीची उंची वाढवता येते.