पावसाळापूर्व दुरुस्तीनंतर मोटारीत उद्भवणारा अपरिचित ध्वनी

मे महिन्याच्या उत्तरार्धात कोकण, घाटमाथा आणि मुंबई-पुण्याकडील मोटारगाड्या मोठ्या संख्येने गॅरेजमध्ये दाखल होतात. ब्रेक उघडून स्वच्छ करणे, झिजलेले टायर बदलणे किंवा पुढचे मागे व मागचे पुढे घालणे, वायपरची रबरे नवी बसविणे, गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप देणे, पट्टे तपासणे ही या दुरुस्तीतील सर्वपरिचित कामे होत. उत्तर युरोपात असा ऋतुपालट वर्षातून दोनदा येतो. स्वीडनमध्ये रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर वापरणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यासाठी चारही चाके काढून पुन्हा बसवावी लागतात. देश व हवामान भिन्न असले तरी दोन्हीकडे एक तक्रार समान ऐकू येते. गाडी कामाला टाकण्यापूर्वी जो आवाज नव्हता, तो काम करून आणल्यावर येऊ लागला.

या तक्रारीत एक अनुमान दडलेले असते. दुरुस्ती आधी झाली, आवाज मागाहून आला. तेव्हा दुरुस्ती हेच आवाजाचे कारण, असा तो तर्क आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तशातला हा प्रकार असू शकतो, हे तर्कशास्त्राचा विद्यार्थी तत्काळ सांगेल. तथापि तेवढे सांगून यंत्रशास्त्राचे काम भागत नाही. ज्या फांदीला नुकताच हात लागला आहे तिच्याकडे प्रथम पाहणे हे व्यवहारदृष्ट्या योग्यच असते. प्रश्न इतकाच की, केवळ कालक्रमावरून बांधलेला संशय सिद्ध किंवा असिद्ध कशाच्या आधारे करावयाचा?

दुरुस्तीनंतर ऐकू येणारा आवाज दुरुस्तीनेच निर्माण केला असेल, किंवा तो आधीपासून असून दुरुस्तीमुळे केवळ उघडा पडला असेल. एका मोठ्या आवाजाखाली दुसरा लहान आवाज झाकला जातो, हा श्रवणशास्त्रातील सुपरिचित अनुभव आहे. फुटलेला सायलेन्सर बदलताच टायरची घरघर प्रथमच जाणवते. पाऊस लागून काचा बंद झाल्या की बाहेरचा गोंगाट कमी होऊन आतील प्लास्टिकची खडखड कानावर येऊ लागते. याखेरीज ऋतूदेखील स्वतःचे आवाज घेऊन येतो. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बिडाच्या ब्रेकडिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळी पहिले चार-दोन ब्रेक लावीपर्यंत खरखर होते. हा आवाज मिस्त्रीच्या माथी मारणे अन्यायाचे होय.

निर्णायक पुरावा मिळतो तो आवाज आणि परिभ्रमण यांच्या संबंधातून. मोटारीतील फिरणारे भाग मुख्यतः दोन घड्याळांवर चालतात. एक इंजिनाचे, दुसरे चाकांचे. गिअर बदलला की या दोहोंचे गुणोत्तर बदलते. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२० मि.मी. असतो आणि भाराने तो किंचित दबत असल्यामुळे एका फेऱ्यात चाक साधारण १.९ मीटर अंतर कापते. ताशी ६० कि.मी. म्हणजे सेकंदास १६.७ मीटर, यावरून चाकाचे दर सेकंदास सुमारे ८.८ फेरे होतात. त्याच वेगाने चौथ्या गिअरमध्ये जाताना इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात दर फेऱ्यास दोन स्फोट या हिशेबाने सेकंदास सुमारे ६७ स्फोट होतात. आता तोच वेग ठेवून गिअर एकाने खाली आणला असता आवाजाची पट्टी चढली, तर उगम इंजिनाकडे आहे. पट्टी तशीच राहिली, तर तो चाकांकडे आहे. उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढवून हीच परीक्षा उलट बाजूने करता येते. एअर फिल्टरची पेटी नीट न बसणे, ओला किंवा सैल पट्टा किंचाळणे, सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्रा खडखडणे हे दोष बहुधा येथेच उघडकीस येतात. चालत्या गाडीत इंजिन बंद करण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये, आणि घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचा तर मुळीच नाही. असा प्रयोग निदानापेक्षा अपघाताच्याच कामी येईल.

उगम चाकांकडे आहे असे ठरले, तरी तेथे टायर, बेअरिंग आणि ब्रेक असे निरनिराळे उमेदवार असतात. टायरच्या नक्षीत परिघावर ६०-७० ठोकळे असतील, तर वरील वेगास सेकंदास साडेपाचशे ते सहाशे आघात होऊन एक घुमणारा स्वर निघतो. पुढील चाकांना गती देणाऱ्या गाडीत मागील टायरवरचा भार हलका असतो व त्यांचे ठोकळे पुष्कळदा करवतीच्या दात्यांप्रमाणे तिरके झिजतात. मागे असताना ही झीज फारशी ऐकू येत नाही; पण टायर पुढे आणला, किंवा डावीकडचा उजवीकडे घालून त्याची फिरण्याची दिशा उलटविली, की तीच झीज घुमू लागते. या प्रकरणी गॅरेजने केलेले काम योग्य असते आणि आवाजही त्या कामामुळेच आलेला असतो. दोष मात्र त्यापूर्वीच्या कित्येक हजार किलोमीटरांत साठलेला असतो. नव्या जागी झीज सपाट होत जाऊन असा आवाज पुष्कळदा आपोआप उतरतो.

टायरच्या घुमण्यासारखाच भासणारा दुसरा आवाज बेअरिंगचा. या दोहोंतील फरक गणिताने सुरेख दाखविता येतो. टायरवरील कोणताही दोष चाकाला जखडलेला असतो. म्हणून त्याच्या आघातांची संख्या चाकाच्या फेऱ्यांच्या पूर्णांकपटीत असते. बेअरिंगमधील गोळ्या मात्र चाकापेक्षा मंद गतीने सरकतात. बाहेरील कड्यावरच्या खळग्यावर पडणाऱ्या आघातांची कंप्रता, गोळ्यांची संख्या गुणिले फेरे, याच्या सुमारे ०.४ पट, आणि आतील कड्यावरची सुमारे ०.६ पट येते, असा एक उपयुक्त ठोकताळा आहे. १३ गोळ्या व ८.८ फेरे घेतल्यास ही संख्या अनुक्रमे ४६ व ६९ हर्ट्झच्या आसपास येते. चाकाचे पाचवे पट ४४ हर्ट्झ. म्हणजे ४६ हर्ट्झची रेषा त्या मालिकेत बसत नाही. कारागीर हीच गोष्ट वेगळ्या रीतीने ओळखतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे वळविली की भार डाव्या चाकांवर जातो, आणि डाव्या बेअरिंगचा आवाज वाढतो. शिवाय टायरचा आवाज डांबरावरून काँक्रीटवर जाताच पालटतो, बेअरिंगचा सहसा पालटत नाही.

हल्ली खिशातील फोनवर आवाजाचा कंप्रतापट पाहता येतो, त्यामुळे वरील भेद प्रत्यक्ष मोजण्यास हरकत नाही. मात्र दोन बंधने पाळावी लागतात. ४४ व ४६ हर्ट्झ वेगळे दिसण्यासाठी ध्वनिलेख किमान अर्ध्या सेकंदाचा, आणि व्यवहारात कित्येक सेकंदांचा हवा. आणि तेवढा वेळ वेग स्थिर हवा, कारण वेगातील एक टक्का फरकही ४६ हर्ट्झची रेषा जवळजवळ अर्ध्या हर्ट्झने हलवितो. ही मोजणी अर्थातच चालकाने नव्हे, शेजारी बसलेल्याने करावयाची. पटावरील प्रत्येक ठळक रेषा दोषाची नसते, हेही ध्यानात असावे. टायरमधील कड्याच्या आकाराच्या हवेचे स्वतःचे अनुस्पंदन २०० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान असते व ते वेगानुसार फारसे हलत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर ऐकू येणारा नियमित ठोका तर गाडीचा नसून रस्त्याचा असतो. सांधे साधारणपणे साडेचार मीटरांवर असले, तर ताशी ८० कि.मी. वेगास सेकंदाला पाचाच्या सुमारास ठोके पडतात.

ब्रेकचे किंचाळणे या हिशेबात बसत नाही, आणि त्यामुळेच ते ओळखणे सोपे जाते. त्याची कंप्रता हजार हर्ट्झच्या वर असून ती चाकाच्या वेगावर नव्हे, तर डिस्क व पॅड यांच्या स्वाभाविक कंप्रतांवर अवलंबून असते. गाडी मंदावली तरी स्वर खाली येत नाही. घर्षण हे कंपनाला विरोधच करते अशी सामान्य समजूत आहे. येथे घर्षणच कंपनाला ऊर्जा पुरविते. १९३८ साली मिल्स याने वेगाबरोबर घटणाऱ्या घर्षणगुणांकाशी या घटनेचा संबंध जोडला, तर १९६१ साली स्पर याने भागांच्या भूमितीमुळेच अशी अस्थिरता संभवते असे दाखविले. नवे पॅड डिस्कवर पुरते बसेपर्यंत थोडे किंचाळले तर ते क्षम्य मानावे. ब्रेक न लावता चालू राहणारी धातूची खरखर मात्र निराळी. ती पुष्कळदा डिस्कमागील पातळ पत्र्याची असते. काम करताना त्याला धक्का लागून तो डिस्कला टेकतो, आणि बोटाने मागे वाकविताच आवाज थांबतो.

वरील बहुतेक आवाज त्रासदायक असले तरी त्यांच्या निदानास सवड असते. एका आवाजाच्या बाबतीत ती नसते. चाके काढून बसविल्यानंतर काही अंतराने, मंद गतीत, चाकाच्या फेऱ्याशी जुळणारी पण काहीशी अनियमित अशी टकटक सुरू झाली, आणि ती वळताना किंवा ब्रेक लावताना बदलत असली, तर गाडी तेथेच सुरक्षित जागी थांबवून चाकाचे नट पाहावेत. टायरच्या खाचेत अडकलेला खडाही टकटक करतो हे खरे. पण तो खडाच आहे हे पाहून ठरवावयाचे, ऐकून नव्हे.

या सावधगिरीचे कारण चाकाच्या जोडणीत आहे. गाडीचा भार व ब्रेकचा जोर नटबोल्टांच्या दांड्यांवर आडवा पडतो अशी कल्पना सर्रास केली जाते, ती चूक आहे. नट चाकाला हबवर दाबून धरतात, आणि त्या दाबातून उत्पन्न होणारे घर्षण भार वाहते. पीळ, म्हणजेच टॉर्क, बरोबर ०.२ गुणिले बोल्टचा व्यास गुणिले ताण, या प्रचलित सूत्राने १२ मि.मी. बोल्टवर १०० न्यूटन-मीटर पीळ दिल्यास सुमारे ४२ किलोन्यूटन ताण मिळतो. चार नटांचा मिळून १६७. घर्षणगुणांक ०.१५ आणि नटांच्या वर्तुळाची त्रिज्या ५० मि.मी. धरली, तर ही जोडणी साधारण १,२५० न्यूटन-मीटर ब्रेकचा पीळ न घसरता सोसते. जोराचा ब्रेक लावला असता पुढील चाकावर साडेचार किलोन्यूटन भार, रस्त्याशी ०.८ घर्षण व ०.३ मीटर त्रिज्या या हिशेबाने १,०८० न्यूटन-मीटर पीळ येतो. चारांतील एकच नट सैल पडला तर क्षमता ९४० वर उतरते आणि चाक हबवर सरकू लागते. अशा आडव्या सरकण्यानेच नट आपण होऊन उलट फिरत जातात, हे युंकर याने १९६९ साली प्रयोगाने दाखविले. टकटक म्हणजे त्या सरकण्याचा आवाज.

बरोबर आवळलेला नटही सैल का पडावा? ४२ किलोन्यूटन ताणाखाली बोल्टचा ३० मि.मी. भाग जेमतेम ०.०७ मि.मी. ताणला जातो. दाबाचा सारा संचय एवढ्याशा लांबीत असतो. हब व रिम यांच्यामध्ये गंजाची खपली, चिखल किंवा ताज्या रंगाचा थर राहिला आणि पहिल्या काही किलोमीटरांत तो चुरून ०.०३ मि.मी. जरी बसला, तरी जवळजवळ निम्मा ताण नाहीसा होतो. खाऱ्या हवेतल्या किनाऱ्यावरच्या गाड्यांत हबची बैठक तारेच्या ब्रशाने घासून घेणे म्हणूनच पीळ मोजण्याइतके महत्त्वाचे ठरते. गंजू नये म्हणून आट्यांना ग्रीस लावण्याची पद्धतही निरुपद्रवी नाही. आटे गुळगुळीत झाले की सूत्रातील ०.२ हा गुणक घटतो, त्याच पिळाने ताण कितीतरी वाढतो, आणि बोल्ट कायमचा लांबण्याचा संभव निर्माण होतो. उलट गंजलेल्या आट्यांत पीळ घर्षणातच खर्ची पडतो व पाना पुरा आवळल्याचे सांगत असताना चाक अपुरेच दाबलेले राहते.

चाक बसविल्यानंतर ५० ते १०० कि.मी. अंतर गेल्यावर गाडी उभी करून, चाके निवल्यानंतर, नट पुन्हा ठरावीक पिळाने तपासावेत, असा दंडक जर्मनीतील गॅरेजे ऋतुबदलाच्या वेळी गिऱ्हाइकास देतात, त्याचा आधार हाच. टकटक सुरू झाल्यानंतर नट आवळून आवाज थांबविणे ही मात्र वेगळी गोष्ट होय. चाक सरकत राहिलेल्या अंतरात रिमची भोके लांबट झालेली आणि बोल्टना सूक्ष्म तडे गेलेले असू शकतात. असे चाक काढून भोके, नटांच्या शंकूसारख्या बैठका आणि बोल्टची मुळे डोळ्यांखालून घातल्यावाचून ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणू नये.