बाळाचं दूध पितळी पातेल्यात नको

मावळातल्या बेडशाहून एका आजींनी विचारलं आहे: माळ्यावरचं पितळी पातेलं घासूनपुसून खाली काढलंय. नातवाचं दूध त्यात तापवलं तर अंगी लागतं, असं मोबाइलवर पाहिलं. खरं का?

आजी, तापवू नका. या उत्तरामागचं मोठं काम आपल्या पुणे जिल्ह्यातच झालं आहे, आणि ते करणाऱ्यांची आठवण आज फारशी कुणी काढत नाही.

साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलांना गाठणारा यकृताचा एक आजार आपल्याकडे होता. डॉक्टर त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ म्हणत. कोलकात्यात १८८७ साली त्याची पहिली नोंद झाली. मूल किरकिरं होई, पोट फुगे, बरगडीखाली कडक यकृत हाताला लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावत. एकाच घरात पाठोपाठची भावंडं जात, म्हणून दोष रक्ताला दिला जाई.

धागा सापडला तो एका रंगामुळे. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या संशोधकांनी अशा मुलांच्या यकृताचे नमुने ऑर्सीन या रंगाने रंगवले, तेव्हा पेशींमध्ये गडद कण उमटले. ते तांब्याशी बांधलेल्या प्रथिनांचे होते. (ऑर्सीन मूळचं दगडफुलातून निघतं. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदाने बालरोगाचं कोडं सोडवायला हातभार लावावा, याचा मला फार आनंद वाटतो.) निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे तांबं ५० मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर असतं; या मुलांमध्ये ते कित्येक पटींनी जास्त होतं.

पण एवढं तांबं तान्ह्या मुलाच्या पोटात आलं कुठून? लंडनच्या त्या गटातले स्टुअर्ट टॅनर आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी आयांना विचारायला सुरुवात केली. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवलं? कशात ठेवलं? आजारी मुलांना जनावराचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यातलं होतं. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा निष्कर्ष आला, १९८७ साली त्यांनी आजारी आणि निरोगी मुलांच्या जोड्या लावून तो पुन्हा तपासला. मला या कामाचं मोल कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा मोठं वाटतं. आईला नीट प्रश्न विचारणं आणि तिचं उत्तर पुराव्यासारखं जपणं, हेच ते निदान.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं हे घरोघर ठाऊक होतं, पण दुधावर कुणाचा संशय नव्हता. दुधातलं केसीन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं, आणि दूध जितका वेळ भांड्यात राहील तितकं ते वाढतं. शरीरातलं जादा तांबं मुख्यतः पित्तावाटे बाहेर जातं, आणि तान्ह्या बाळात ती वाट पुरती तयार नसते. आईच्या दुधात तांबं अगदी कमी. कल्हईवाला भाता घेऊन दारात येई आणि नवसागर-कथलाने भांडं पांढरं करून देई, तोवर आत एक पडदा होता. तो झिजला की दूध थेट पितळेला लागे.

ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये १९०० ते १९७४ या काळात असाच आजार झालेली १३८ मुलं पुढे नोंदींतून सापडली. तिथेही गाईचं दूध तांब्याच्या भांड्यात उकळत. भांडी बदलली आणि आजार थांबला. भांडं सारखं असूनही सगळी मुलं आजारी पडली नाहीत, म्हणून रक्ताचाही काही वाटा असावा. भारतातल्या काही मुलांच्या बाबतीत पितळेचा इतिहास मिळाला नाही, त्यामुळे वाद पुरता मिटलेला नाही. पण तांबं शरीराबाहेर काढणारं पेनिसिलामाइन लवकर सुरू केलेली काही मुलं पुण्यात वाचली, आणि घरोघर स्टील आल्यावर हा आजार दुर्मीळ झाला. आजच्या तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातच भेटतो.

आता पितळ-तांबं ‘आरोग्यदायी’ म्हणून महाग होऊन परत आलं आहे. धडधाकट माणसाने तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं तर सहसा बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. मात्र त्यातलं लिंबूपाणी किंवा ताक नको. आणि त्या पाण्याने यकृत ‘शुद्ध’ होतं, हा दावा निराधार आहे.

तेव्हा आजी, सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पुढेही ते चालू राहू द्या. वरचं दूध लागलंच तर डॉक्टरांना विचारून, स्टीलच्या भांड्यात तापवा. पितळी पातेलं वापरायचंच असेल, तर कल्हई करून मोठ्यांच्या भातासाठी वापरा. आणि बाळाचं पोट फुगलं, डोळे पिवळे दिसले, तर घरगुती औषधात दिवस न घालवता त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या.