विश्लेषण : ‘बारा तास कोरडा’ डायपर, तरी बाळाला रॅश का? औषधाच्या दुकानातून आणलेले मलम लावावे का?

पावसाळ्यात दोरीवरचे लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत. मग एरवी फक्त बाहेर जाताना वापरला जाणारा डायपर घरातही दिवसभर राहतो आणि रात्री घातलेला थेट सकाळी निघतो. त्यानंतर बाळाच्या मांड्यांवर आणि बसण्याच्या जागी लालसर चट्टे दिसू लागतात. शू करताना बाळ किंचाळते. घरातले कुणी पावडर सुचवते, कुणी हळद आणि कोपऱ्यावरचा औषध विक्रेता एक छोटी ट्यूब पुढे करतो. डायपर रॅश हा तान्ह्या बाळांच्या त्वचेचा सर्वांत सामान्य त्रास. बहुतेक वेळा तो दोन-तीन दिवसांत घरीच बरा होतो. मात्र, चुकीच्या उपायांनी तो लांबतो आणि काही वेळा मूळ दुखण्यापेक्षा औषधच बाधते.

डायपर रॅश म्हणजे नेमके काय?

त्वचेचा सर्वांत वरचा थर अगदी पातळ असतो. बाहेरचे जंतू आणि रसायने आत जाऊ न देणे हे त्याचे काम. हा थर तासनतास ओला राहिला की फुगतो आणि मऊ पडतो. खूप वेळ पाण्यात राहिलेली बोटे सुरकुततात, तसाच काहीसा हा प्रकार. अशा फुगलेल्या त्वचेवर कापडाची वा डायपरची कड थोडी जरी घासली, तरी ती लगेच काचते.

दुसरी गोष्ट सामूची, म्हणजे त्वचेच्या आम्लतेची. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि हेच तिचे संरक्षण असते. बाळाच्या शीमधील काही जिवाणू लघवीतील युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात. त्यामुळे त्वचेची आम्लता कमी होते. शीमध्ये प्रथिने आणि चरबी पचवणारी विकरे शिल्लक असतात. आम्लता कमी झाली की ही विकरे जोमाने काम करू लागतात आणि मऊ पडलेल्या त्वचेचाच थर विरघळवू लागतात. ओलावा, घर्षण आणि शी-शूचे मिश्रण अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की पुरळ उठते.

मग दोष अमोनियाचा नाही का?

अनेक वर्षे डॉक्टरांचाही तसाच समज होता. अमेरिकेतील सेंट लुईसचे डॉ. जे. व्ही. कुक यांनी १९२१ मध्ये लघवीतून अमोनिया तयार करणारा जिवाणू शोधला आणि या पुरळीला ‘अमोनिया डर्मॅटायटिस’ हे नाव रूढ झाले. पुढे १९८०च्या दशकात झालेल्या प्रयोगांनी चित्र बदलले. निरोगी त्वचेवर नुसत्या अमोनियाने फारसे काही होत नाही, हे दिसून आले. आर. डब्ल्यू. बर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले, की लघवीचे मुख्य काम त्वचेची आम्लता घटवण्याचे असते आणि खरी इजा शीमधील विकरे करतात.

हा भेद केवळ अभ्यासकांपुरता नाही. ओला डायपर थोडा वेळ राहिला तर चालून जाते, पण शी केलेला डायपर पाच मिनिटेही ठेवू नये, या सल्ल्याचे मूळ इथेच आहे. जुलाब लागल्यावर पुरळ झपाट्याने का वाढते, याचेही उत्तर यातच मिळते. पातळ शीमध्ये न वापरली गेलेली विकरे जास्त असतात आणि ती वारंवार त्वचेला लागते.

‘बारा तास कोरडा’ या दाव्याचा अर्थ काय?

आजच्या डायपरच्या गाभ्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाचा साखरेच्या दाण्यांसारखा दिसणारा पदार्थ असतो. तो शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषतो आणि त्याचा जेल होतो. लघवीत क्षार असल्याने ही क्षमता बरीच घटते, तरी कापसाच्या किंवा कापडाच्या तुलनेत ती खूप जास्त राहते. १९८०च्या दशकात हा पदार्थ डायपरमध्ये आला आणि त्वचा पूर्वीपेक्षा कोरडी राहू लागली, हे खरेच.

पण हा जेल पाणी शोषतो, शी नव्हे. ती त्वचेला चिकटूनच राहते. डायपरवरील पिवळ्या रेघेचेही तसेच. ओलावा लागला की ती निळी होते, म्हणजे लघवी झाल्याचे कळते. शी झाली आहे का, हे ती खात्रीने सांगत नाही. त्यामुळे ‘बारा तास’ हा आकडा फार तर शोषणाच्या क्षमतेबद्दल बोलतो. बाळाला बारा तास एकच डायपर घालावा, असा त्याचा अर्थ होत नाही. डायपर महाग असतो, म्हणून तो ‘पूर्ण भरेपर्यंत’ ठेवण्याचा मोह अनेक घरांत होतो. मात्र, त्यातून वाचलेले पैसे बहुतेकदा मलमात आणि डॉक्टरांच्या फीमध्ये जातात.

कापडी लंगोट चांगला की डायपर?

दोन्ही चालतात, दोन्ही वेळेवर बदलायला हवेत. सुती लंगोटात हवा खेळती राहते आणि ओला झाल्याचे लगेच समजते. पण त्यावर प्लॅस्टिकची चड्डी घातली की हा फायदा संपतो. लंगोट धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढावेत. कापड मऊ आणि सुवासिक करणारे द्रव टाळावेत, कारण त्यांचा अंश त्वचेला झोंबू शकतो. पावसाळ्यात अर्धवट वाळलेले लंगोट तसेच घालू नयेत. पंख्याखाली वाळवून नंतर इस्त्री फिरवावी.

नवजात बाळ दिवसाला अनेकदा शू करते. त्यामुळे पहिल्या महिन्यात साधारण दर दोन तासांनी, तर पुढे तीन-चार तासांनी डायपर बदलणे योग्य. शी झाली की लगेच. डायपर घट्ट नसावा, कमरेशी दोन बोटे सहज जावीत. मांडीवर इलॅस्टिकचे वळ उठत असतील तर पुढचा आकार घ्यावा.

हा त्रास साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान सर्वाधिक दिसतो. वरचे अन्न सुरू झाल्याने शीचे स्वरूप बदललेले असते, बाळ बसू-रांगू लागल्याने घर्षण वाढते आणि रात्रीची झोपही लांबते. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये आम्लता जास्त असल्याने त्यांना हा त्रास तुलनेने कमी होतो.

रॅश आल्यास घरी काय करावे?

पहिला उपाय फुकटचा आहे : हवा. दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे बाळाला डायपरशिवाय ठेवावे. खाली मेणकापड आणि त्यावर सुती दुपटे अंथरले की गादी खराब होत नाही.

स्वच्छता कोमट पाणी आणि मऊ कापूस किंवा सुती फडक्याने करावी. मुलींना नेहमी पुढून मागे पुसावे. साबण लावायचाच असेल तर सौम्य आणि दिवसातून एकदाच. ओले पुसणे म्हणजे वाइप्स वापरत असल्यास सुगंध आणि अल्कोहोल नसलेले घ्यावेत, त्वचा सोलली असेल तर तेही बंद ठेवावेत. फरशी पुसायला किंवा जखम धुवायला वापरले जाणारे अँटिसेप्टिक द्रव अंघोळीच्या पाण्यात टाकू नयेत. पुसल्यावर जागा घासू नये, कापड हलके टिपून कोरडी करावी.

त्यानंतर झिंक ऑक्साइड असलेले मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावावी. ही मलमे त्वचा आणि शी-शू यांच्यामध्ये भिंतीचे काम करतात. म्हणून थर पातळ नको, त्वचा झाकली जाईल इतका जाड हवा. पुढच्या वेळी तो पूर्ण खरवडून काढण्याची गरज नाही. वरचा घाण झालेला भाग पुसावा आणि उरलेल्यावर पुन्हा मलम लावावे. प्रत्येक वेळी घासून काढण्याच्या नादात नवीन आलेली त्वचाही निघते. रॅश असताना मालिशनंतर डाळीचे पीठ लावून अंग चोळणे बंद ठेवावे, कारण त्या भागावर पिठाचा प्रत्येक कण ओरखडा काढतो.

साधी रॅश आणि बुरशीचा संसर्ग यांत फरक कसा ओळखावा?

थोडे निरखून पाहिले तर फरक दिसतो. साधी रॅश डायपर जिथे घासतो तिथे, म्हणजे मांड्यांच्या आतील फुगीर भागावर, नितंबांवर आणि ओटीपोटावर येते. जांघेतल्या घड्या बहुधा वाचतात. बुरशीचा, म्हणजे कँडिडाचा संसर्ग नेमका घड्यांमध्ये शिरतो. रंग गडद लाल असतो, कड स्पष्ट दिसते आणि मुख्य चट्ट्याच्या बाहेर छोटे लाल ठिपके विखुरलेले असतात. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तिथे रंग तपकिरी किंवा जांभळट वाटतो, म्हणून ठिपके आणि घड्या पाहाव्यात.

रॅश तीन दिवसांपेक्षा जास्त टिकली, तर बुरशीची शक्यता वाढते. बाळाला नुकतीच अँटिबायोटिक औषधे दिली असतील तर अधिकच. अशा वेळी तोंडातही पांढरे थर आहेत का, ते पाहावे. या संसर्गावर क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीनाशक मलम लागते, पण ते डॉक्टरांनी पाहून द्यावे. आधी औषधाचा पातळ थर आणि त्यावर झिंक ऑक्साइड, असा क्रम ठेवावा.

दुकानातून विचारून आणलेले मलम का लावू नये?

खाज, पुरळ, गजकर्ण अशा कोणत्याही तक्रारीवर आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये तीन औषधे एकत्र असतात : बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड. स्टिरॉइड बहुधा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन, म्हणजे तीव्र प्रकारचे असते. लावल्यावर एका दिवसात लाली ओसरते आणि मलम ‘गुणकारी’ ठरते. थांबवले की पुरळ पुन्हा उसळते, मग तीच ट्यूब पुन्हा आणली जाते.

बाळाच्या बाबतीत धोका मोठा आहे. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा जास्त असते. त्यात डायपर हा त्या भागावर बांधलेल्या पट्टीसारखा असतो. त्यामुळे लावलेले स्टिरॉइड अधिक प्रमाणात रक्तात जाते. त्वचा पातळ होते आणि बुरशी आतल्या आत वाढते. आठवडेच्या आठवडे लावत राहिल्यास बाळाचा चेहरा गोल होणे, वजन वेगाने वाढणे, उंची खुंटणे अशी कुशिंग सिंड्रोमची लक्षणे दिसू शकतात. ‘बाळ गुटगुटीत झाले’ म्हणून घरात कौतुक होते आणि निदान लांबते. शरीर स्वतःचे स्टिरॉइड तयार करणे कमी करते, म्हणून असे मलम बरेच दिवस लावले असेल तर ते अचानक बंद न करता ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जावे.

केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमांचा समावेश ‘शेड्यूल एच’मध्ये केला. म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही दुकानात ती मागितल्यावर मिळतात. त्यामुळे ट्यूबवरील बारीक अक्षरांतील घटक वाचणे ही पालकांची पहिली ढाल. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’ आले म्हणून अंदाज बांधू नये, कारण क्लोट्रिमॅझोल स्टिरॉइड नाही आणि क्लोबेटासॉल आहे. शंका आली तर लावण्याआधी विचारावे. कधी कधी डॉक्टर स्वतः सौम्य हायड्रोकॉर्टिसोन देतात, पण ते मोजक्या दिवसांसाठी आणि पातळ थरात.

पावडर, हळद, टाकणखार चालतात का?

पावडरीने रॅश बरी होत नाही. ओलाव्यात तिच्या गुठळ्या होऊन घड्यांमध्ये घासतात. मोठा धोका श्वासाचा आहे. उडालेले बारीक कण बाळाच्या फुप्फुसात जाऊ शकतात, म्हणून अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स बेबी पावडर न वापरण्याचा सल्ला देते.

हळद लावल्याने लाली झाकली जाते आणि पुरळ वाढली की कमी झाली, हे कळत नाही. सोललेल्या त्वचेवर ती झोंबूही शकते. खोबरेल तेल सौम्य रॅशवर लावल्यास सहसा अपाय होत नाही, पण झिंक ऑक्साइडसारखा जाड थर त्याचा बसत नाही.

टाकणखार आणि बोरिक पावडर मात्र पूर्णपणे टाळावी. कॅरमच्या बोर्डवर टाकली जाणारी तीच बोरिक पावडर एके काळी जगभर लंगोटात वापरली जात असे. सोललेल्या त्वचेतून ती शरीरात जाते आणि विषबाधा होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा बाळांच्या मृत्यूंच्या नोंदी झाल्यानंतर तिचा हा वापर थांबवण्यात आला.

डॉक्टरांकडे कधी जावे?

वरील काळजी घेऊनही तीन दिवसांत फरक पडला नाही, तर जावे. ताप, पू, पाण्याचे फोड, पिवळट खपल्या, रक्त येणे किंवा बाळ दूध ओढेनासे होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे. सहा आठवड्यांपेक्षा लहान बाळाला रॅशसोबत ताप असेल तर थांबूच नये. जुलाबासोबत रॅश असल्यास आधी पाणी कमी पडू न देणे महत्त्वाचे : स्तनपान सुरू ठेवावे आणि ओआरएस व झिंकबाबत डॉक्टर किंवा आशा सेविकेला विचारावे. डायपरच्या जागेबरोबरच तोंडाभोवती आणि हातापायांवर चट्टे, सततचे जुलाब आणि केस गळणे असे एकत्र दिसले, तर शरीरात झिंकची कमतरता असू शकते. ती मलमाने भरून निघत नाही.

बाळ पाळणाघरात किंवा आजीकडे राहत असेल, तर डायपर किती वाजता बदलला आणि कोणते मलम लावले, हे एका कागदावर लिहून ठेवायला सांगावे. डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडणारी माहिती तीच असते.