रविवारचे वाचन कोण ठरवते?

पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी कॅथलिक मिस्सेत योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचतात. मरीया मग्दालीया अंधारातच कबरेकडे जाते, धोंड सरकलेली पाहून पेत्राकडे धावते, दोघे शिष्य येऊन रिकामी कबर पाहतात, आणि नवव्या वचनावर वाचन थांबते. मरीया बाहेर रडत उभी आहे, समोरच्याला ती माळी समजते आणि त्याने नावाने हाक मारताच ओळखते, हा भाग येतो मंगळवारी. मंगळवारी चर्चमध्ये कितीजण असतात? ‘रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी’ हा वाचनांचा तक्ता पाळणाऱ्या लुथरन, मेथडिस्ट, अँग्लिकन मंडळ्यांत हेच वाचन घेतले, तर ते अठराव्या वचनापर्यंत जाते आणि मरीया ‘मी प्रभूला पाहिले’ हे शिष्यांना सांगूनच थांबते. ऑर्थोडॉक्स परंपरेत त्या दिवसाच्या मिस्सेत योहानाच्या पहिल्या अध्यायातली, ‘प्रारंभी शब्द होता’ने सुरू होणारी प्रस्तावना वाचतात, मग संध्याकाळच्या उपासनेत शिष्यांना झालेले दर्शन अनेक भाषांतून वाचले जाते.

सण एकच, पण ऐकणाऱ्याच्या मनात उरणारे चित्र वेगळे. घरी नेमाने बायबल उघडणारे थोडे. बहुतेक भाविकांसाठी रविवारी कानावर पडते तेवढेच बायबल. म्हणून वाचन कुठे सुरू होते आणि कुठे तोडले जाते, हा प्रश्न साऱ्या मंडळीच्या श्रद्धेचा आहे.

वाचनाची रीत सभास्थानातून आली. नासरेथात येशू यशयाची गुंडाळी उघडून वाचतो, तो प्रसंग लूकने नोंदवला आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्याला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर सांगतो की रविवारी प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. पुढे वेळेची जागा तक्त्याने घेतली. रोमन परंपरेत एका वर्षाचे चक्र पक्के झाले: एक पत्र, एक शुभवर्तमान, पुढल्या वर्षी पुन्हा तेच. 1570च्या मिस्सा-ग्रंथाने ते सर्वदूर नेले. लुथरने हे जुने उतारे बहुतांशी ठेवले, आणि त्यांच्याभोवतीच लाइपझिगमध्ये संगीतकार बाखने रविवारमागून रविवार कँटाटा रचले. झुरिकच्या सुधारक झ्विंगलीने मात्र 1 जानेवारी 1519ला तक्ता बाजूला सारून मत्तय पहिल्या वचनापासून सलग सांगायला घेतला. दुसरा सुधारक कॅल्विन, याला जिनिव्हाने हाकलले होते. 1541मध्ये परतल्यावर त्याने प्रवचन जिथे तुटले होते, त्याच्या पुढच्याच वचनापासून उचलले. आजही अनेक स्वतंत्र आणि पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत उतारा पाळकच निवडतो. त्यात जिवंतपणा आहे, पण पाळकाची आवड हीच मंडळीची शिधापत्रिका होऊन बसते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963मध्ये बायबलचा खजिना अधिक सढळ हाताने उघडा, असा आदेश दिला. त्यातून 1969ला तीन वर्षांचे चक्र आले: मत्तय, मार्क, लूक. योहान प्रामुख्याने उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात, आणि मार्क छोटा असल्याने त्याच्या वर्षी योहानाचा भाकरीचा सहावा अध्यायही. ज्या इसवी सनाला तीनने भाग जातो, ते लूकचे वर्ष. त्याचा आरंभ मात्र आधीच्या वर्षीच्या आगमनकाळातच होतो. बहुतेक रविवारी आता जुन्या करारातले वाचन, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान असे चार थर असतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी ही रचना उचलली, 1983पासून चाचणी घेतली आणि 1992मध्ये आपली सुधारित आवृत्ती काढली. बायबलवरूनच चारशे वर्षे भांडलेल्यांनी एकमेकांचा तक्ता स्वीकारावा, ही मला विसाव्या शतकातली फार मोठी, पण फारशी न बोलली गेलेली गोष्ट वाटते.

पूर्वेकडच्या परंपरा एका वर्षाच्याच चक्रात आहेत. ग्रीक ऑर्थोडॉक्स योहानापासून निघून मत्तय, मग सप्टेंबरातल्या क्रुसाच्या सणानंतर लूक, उपवासकाळात मार्क असे फिरतात; रविवारच्या मिस्सेत जुना करार जवळपास नसतोच. कॉप्टिक चर्च पौलाचे पत्र, दुसऱ्या प्रेषिताचे पत्र, प्रेषितांची कृत्ये आणि मग शुभवर्तमान वाचते. मधे त्या दिवसाच्या संताची कथाही येते.

तरी कात्री सगळीकडेच आहे. निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या सुइणी फारोची आज्ञा मोडून मुलगे जगवतात. कॅथलिक तक्त्यात रविवार सोडून इतर दिवसांच्या वाचनात हा अध्याय येतो, पण आठव्या ते चौदाव्या वचनांनंतर थेट बावीसावे घेतले जाते. सुइणी त्या फटीत हरवतात. प्रोटेस्टंट तक्त्यात मत्तयाच्या वर्षी रविवारी त्या ऐकू येऊ शकतात. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाचे कॅथलिक वाचनही रविवारेतर दिवशी असते आणि ते तिसऱ्या वचनापासून सुरू होते, म्हणजे किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी आधीच वगळलेली. वेळ वाचवायला ही कापाकापी झाली असेल, पण एवढ्याशा वचनांनी मिस्सा किती लांबणार?

2021च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचकाची अधिकृत सेवा स्त्रियांना खुली केली. वसईपासून नागपूरपर्यंत कितीतरी चर्चमध्ये पहिले वाचन स्त्रियाच करतात. आता शिप्रा, पुवा आणि फिबी यांची वचने त्यांच्या हातातल्या पुस्तकात परत घाला.