पिशवीच्या ऑपरेशननंतर पायात बळ नाही?

गर्भाशय काढण्याचे, म्हणजे आपल्या बोलीत पिशवीचे ऑपरेशन झाले की साधारण दुसऱ्या दिवशी बाईला उठवून चालवतात. एखादीचा गुडघा उभे राहताच मोडतो. मांडीचा पुढचा भाग बधिर वाटतो, जिना चढवत नाही. घरचे म्हणतात, ‘मणक्यातले इंजेक्शन बाधले’, नाहीतर ‘लकवा मारला’. बहुतेक वेळा दोन्ही खरे नसते. मणक्यातल्या भुलीचा अंमल काही तासांतच उतरतो.

कारण वेगळे असते. पोटावरची जखम फाकवून धरण्यासाठी स्टीलचे साधन लावतात. त्याची पाती खोलवर दाबली गेली, तर मांडीकडे जाणारा फीमोरल मज्जातंतू चेंगरतो. बाई सडपातळ असेल किंवा ऑपरेशन लांबले, तर धोका जास्त. खालच्या मार्गाने ऑपरेशन करताना पाय वर करून आधारावर ठेवतात. तेव्हा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यापाशी दुसरा मज्जातंतू दबू शकतो. मग पाऊल वर उचलत नाही, चप्पल पायातून निसटते. पंगतीत फार वेळ मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात ना, त्याचाच हा मोठा भाऊ.

दबलेला मज्जातंतू सहसा तुटलेला नसतो. बहुतेक जणींचा पाय काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत सुधारतो. आतले तंतू तुटले असतील, तर ते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढतात; तेव्हा धीर हवा.

पण ‘अशक्तपणा असेल’ म्हणून गप्प पडून राहू नये. ज्यांनी ऑपरेशन केले त्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. संडासला एकटीने जाऊ नये, कारण गुडघा न सांगता दगा देतो. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. पाऊल लोंबत असेल तर आधाराची पट्टी मिळते. ताकदीच्या सुयांचा आग्रह धरणारे नातेवाईक पुष्कळ भेटतात, पण दबलेला मज्जातंतू सुईने मोकळा होत नाही. आणि बधिर मांडीवर गरम पाण्याची पिशवी मुळीच ठेवू नका. चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो.

लघवी तुंबली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, पाठीत किंवा जांघेत जोराची कळ आली, किंवा पायातले बळ तासागणिक कमी होत गेले, तर मात्र सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा.