कुंकू, टिकली, कलप आणि उतारवयातील त्वचा

सौंदर्यप्रसाधने हा तरुणांचा विषय, अशी पालमसारख्या तालुक्याच्या गावी अनेक ज्येष्ठांची समजूत असते. परंतु कपाळावरचे कुंकू, टिकली, केसांचा कलप आणि सुगंधी तेल हीदेखील प्रसाधनेच होत. उतारवयात त्वचा पातळ व कोरडी होते आणि झालेली इजा भरून येण्यास अधिक दिवस लागतात. म्हणून या वस्तूंचे वावडे, म्हणजेच ॲलर्जी, ओळखणे आपल्यालाही आवश्यक आहे.

‘इतकी वर्षे लावते आहे, मग आताच कसे झाले?’ असा प्रश्न आपणही विचारला असेल. शरीर एखादे द्रव्य वर्षानुवर्षे निमूटपणे सोसते आणि पुढे कधीतरी त्यालाच शत्रू मानू लागते. त्यानंतर त्या द्रव्याचा स्पर्श होताच खाज, लाली व पुरळ यांची तयारी सुरू होते. मात्र ही लक्षणे बहुधा एक ते तीन दिवसांनी दिसतात. त्यामुळे सोमवारच्या कलपाचा दोष बुधवारच्या वांग्याच्या भाजीवर जातो.

कपाळावरचा डाग

पूर्वी हळदीवर क्षारांची क्रिया करून कुंकू बनवीत. आजच्या कुंकवात कृत्रिम रंग व सुगंधी द्रव्ये असू शकतात. क्वचित हळदीचेही वावडे असते. काही टिकल्यांच्या चिकट लेपातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे द्रव्य त्वचेच्या रंगपेशींना इजा करते आणि टिकलीच्या जागी पांढरा डाग उमटतो. कोड झाले या धास्तीने तो मोठ्या टिकलीखाली झाकला जातो आणि इजा वाढत राहते. हा डाग संसर्गजन्य नसतो. तो कशाचा आहे, हे त्वचारोगतज्ज्ञच ठरवू शकतात.

आईला किंवा सासूबाईंना ‘कुंकू लावू नका’ असे सांगणे जिव्हारी लागते. त्याऐवजी ‘कातडी बरी होईपर्यंत जागा मोकळी ठेवू, मग डॉक्टरांना विचारून दुसरे कुंकू आणू’ असे म्हणावे. तोवर कुंकवाचे बोट देवाला लावता येईल. सौभाग्यलेण्याचा मान राखूनही त्यातील घातक द्रव्य टाळता येते.

कलप आणि काळी मेंदी

बहुतेक काळ्या कलपांत पॅराफेनिलिनडायमिन हे रंगद्रव्य असते. त्याने टाळूला खाज सुटते, कानामागे पाणी सुटणारे पुरळ येते, कधी डोळे सुजून मिटतात. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस असतो. तासाभरात काळीभोर रंगणाऱ्या मेंदीत बहुधा हेच द्रव्य मिसळलेले असते. प्रत्येक वेळी कलपाचा थेंब कानामागे लावून निदान २४ तास, शक्यतो दोन दिवस, वाट पाहावी. पापण्यांना व भुवयांना कलप मुळीच लावू नये; त्याने दृष्टी जाऊ शकते.

त्रास झाल्यास

वस्तू त्वरित थांबवावी, जागा साध्या पाण्याने हलकेच धुवावी आणि वेष्टन जपून ठेवावे. मधुमेह असल्यास खाजवून जखम चिघळते, म्हणून नखे कापलेली ठेवावीत. शेजाऱ्याने दिलेले मलम लावू नये. त्यातील स्टेरॉइडने आधीच पातळ झालेली त्वचा आणखी पातळ होते. कोणती वस्तू कोणत्या दिवशी वापरली, हे काळजीवाहूंनी वहीत लिहावे. ही नोंद व वेष्टन घेऊन परभणी वा नांदेड येथील त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या ४८ तास चिकटवून ते नेमके कारण शोधू शकतात. कलपाचे वावडे ठरल्यास शस्त्रक्रियेपूर्वी किंवा दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण भुलीच्या काही औषधांनीही तशीच प्रतिक्रिया येऊ शकते.

ओठ वा जीभ सुजली, श्वास लागला किंवा भोवळ आली, तर मात्र वाट पाहू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.